चाकांच्या साखळ्यांची निवड : ठाण्याहून अटल बोगद्यापर्यंत गेलेल्या दोन गाड्यांचे प्रकरण

ठाण्यातील वर्तकनगरमध्ये आमच्या सोसायटीत राहणारा माझा पुतण्या आणि त्याचे मेहुणे या दोघांनी गेल्या हिवाळ्यात, जानेवारी महिन्यात, सहकुटुंब मनालीला स्वतःच्या गाड्यांनी जायचे ठरवले. माणसे आठ आणि गाड्या दोन होत्या : पुतण्याची एर्टिगा आणि मेहुण्यांची इनोव्हा क्रिस्टा. ठाणे ते मनाली हे अंतर सुमारे १,९०० किलोमीटरचे आहे आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या रस्त्याबद्दल दोघांनाही काळजी नव्हती, कारण कसारा आणि माळशेज हे घाट त्यांच्या रोजच्या पायाखालचे आहेत. काळजी होती ती मनालीच्या पुढच्या पंचवीस किलोमीटरची. मी सत्तावीस वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यात मालवाहू गाड्यांच्या देखभालीचे काम केले असल्यामुळे पुतण्या माझ्याकडे आला आणि त्याने विचारले, "काका, साखळी कोणती घेऊ ते तेवढे सांगा, आज रात्रीच मागवून टाकतो." साखळी म्हणजे हिमावर पकड मिळावी म्हणून टायरभोवती बांधायची धातूची साखळी.

त्या रात्री काही मागवू नकोस, एवढेच उत्तर मी त्याला दिले. पुढचे पाच आठवडे आम्ही काय तपासले, काय घेतले, काय नाकारले आणि प्रत्यक्ष रस्त्यावर माझा सल्ला कुठे अपुरा पडला, याची ही सविस्तर नोंद आहे. आपल्याकडून दर हिवाळ्यात अनेक कुटुंबे याच रस्त्याने जातात आणि गाडीच्या नावावरून साखळ्या मागवतात, म्हणून ही नोंद लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले.

रस्त्याचा स्वभाव

मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे. तिथून साधारण २५ किलोमीटरवर, ३,०६० मीटर उंचीवर, अटल बोगद्याचे दक्षिणेकडचे तोंड लागते. बोगदा ९.०२ किलोमीटर लांबीचा असून तो ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्याआधी लाहौलमध्ये, म्हणजे बोगद्यापलीकडच्या खोऱ्यात, जाण्यासाठी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागत असे आणि हिवाळ्यात ती बंद होत असे. म्हणजेच मैदानी प्रदेशातून आलेल्या साध्या मोटारीला भर जानेवारीत लाहौलचे हिम दिसण्याची शक्यताच नव्हती. बोगद्याने ही शक्यता निर्माण केली, पण बोगद्यापर्यंतचा सोलंग आणि धुंदीवरून जाणारा चढ मात्र उघड्यावरच राहिला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस याच पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या. हिमवृष्टी झाली की पोलीस खालीच गाड्या थांबवतात आणि फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. त्यामुळे साखळी सोबत असणे ही सुरक्षिततेची बाब तर आहेच, शिवाय पुढे जाण्याची ती परवानगीही ठरते.

इथे भाषेची एक अडचण मला पहिल्याच बैठकीत जाणवली. आपण समुद्रकाठची माणसे आकाशातून भुरभुरणाऱ्या हिमाला, चाकांखाली दबून घट्ट झालेल्या थराला आणि कोळणीच्या टोपलीतल्या लादीला एकाच शब्दाने ओळखतो : बर्फ. गाडीच्या दृष्टीने मात्र या तीन वेगळ्या जमिनी आहेत. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरच्या पकडीचा गुणांक ०.७ ते ०.८ असतो, दाबलेल्या हिमावर तो ०.२ ते ०.३ च्या आसपास येतो आणि गोठलेल्या काचेसारख्या थरावर ०.१ किंवा त्याहूनही खाली जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे ५ मीटरमध्ये थांबते, दाबलेल्या हिमावर सुमारे १४ मीटरमध्ये, तर गोठलेल्या थरावर तिला ३५ मीटर लागतात. हे आकडे मी कागदावर मांडून दाखवले, तेव्हा मेहुण्यांनी खिडकीतून खाली पाहत सोसायटीच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजायला मुलाला पाठवले. ते ३४ मीटर भरले. त्यानंतर वेगाबद्दल मला पुन्हा काही सांगावे लागले नाही.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगितली. गोठलेला थर सर्वांत निसरडा असतो तो कडाक्याच्या थंडीत नव्हे, तर शून्य अंशाच्या आसपास, कारण तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. म्हणजे दुपारी उन्हाने वितळून सूर्य डोंगराआड गेल्यावर पुन्हा गोठू लागलेला रस्ता, जो नुसता ओला दिसतो, तो पहाटेच्या पांढऱ्या रस्त्यापेक्षा अधिक धोक्याचा असू शकतो.

काय नाकारले आणि का

पुतण्याने मोबाइलवर चार-पाच पर्याय आधीच काढून ठेवले होते. त्यांतला सर्वांत स्वस्त पर्याय प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा होता. या पट्ट्या चाकाच्या आऱ्यांमधून ओवून केबल टायसारख्या घट्ट करायच्या असतात. त्या चालण्यासाठी रिमला मोठ्या फटी असाव्या लागतात आणि पट्टी आतल्या ब्रेकच्या भागाला घासता कामा नये. एर्टिगाची चाके पोलादी, वर प्लॅस्टिकची टोपी, म्हणून तिथे हा पर्याय आपोआप बाद झाला. इनोव्हाच्या अलॉय चाकांना फटी होत्या, पण अरुंद पट्टी उतारावर तुटली की दोन चाकांची पकड एका क्षणात असमान होते, म्हणून मी तिथेही ती नाकारली. चिखलात रुतलेली गाडी दहा फूट बाहेर काढायला अशी पट्टी उपयोगी पडेल. तिच्या भरवशावर आठ माणसे घेऊन घाट उतरणे मला मान्य नव्हते.

हिवाळी टायरांचा विचार आम्ही बराच वेळ केला, कारण तत्त्वतः तो सर्वांत उत्तम पर्याय आहे. साध्या टायरचे रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागते, तर हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असल्यामुळे ते हिमाला धरते. खऱ्या हिवाळी टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते, जे हिमावरच्या चाचणीनंतरच मिळते. नुसती 'एम अधिक एस' ही अक्षरे असतील तर ती उत्पादकाची स्वतःची घोषणा असते, हा फरक ग्राहकाने लक्षात ठेवावा. परंतु आमच्या प्रवासातले १,८७० किलोमीटर उबदार किंवा निदान कोरडे होते आणि मऊ रबर तिथे भराभर झिजले असते. दोन गाड्यांसाठी आठ टायर, तेही वर्षातून तीन दिवसांसाठी, हा खर्च न्याय्य नव्हता.

कापडी मोज्यांच्या बाबतीत निर्णय इतका सरळ नव्हता. हे मोजे टायरवर पिशवीसारखे चढवायचे असतात, वजनाला हलके असतात, चाकाच्या आत जागा जवळजवळ घेत नाहीत आणि ताज्या हिमावर चांगली पकड देतात. गोठलेल्या थरावर मात्र धातूसारखे रुतत नाहीत आणि कोरड्या डांबरावर काही किलोमीटरांतच त्यांच्या चिंध्या होतात. आमच्या वाटेवर मधोमध नऊ किलोमीटरचा बोगदा होता, ज्याच्या आत कधीच हिम पडत नाही. मोजे घालून तो ओलांडणे म्हणजे मोजे फेकून देणे. साखळी लावून ओलांडायचा तर ताशी ३० च्या वेगाने १८ मिनिटे कोरड्या रस्त्यावर लोखंड घासत जाणार, साखळीचे दुवे झिजणार, रस्ता खराब होणार आणि मागच्या गाड्या खोळंबणार. बोगद्यात थांबून साखळी काढण्याचा प्रश्नच येत नाही. या एका बाबीने आमच्या सर्व निवडीला दिशा दिली आणि त्यातून आम्ही एक नियम लिहून दोन्ही गाड्यांच्या कप्प्यात ठेवला : बोगद्याच्या अलीकडे साखळीची गरज असेल त्या दिवशी पलीकडे जायचे नाही. सोलंगपर्यंत जाऊन परतायचे.

मनालीत साखळ्या भाड्याने मिळतात, मग विकत कशाला घ्यायच्या, असा मेहुण्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तही होता. माझे उत्तर असे की भाड्याची साखळी नेमक्या मापाची मिळेलच असे नाही, तिचे किती दुवे झिजलेत ते अंधारात दिसत नाही आणि मुख्य म्हणजे ती लावण्याचा सराव ठाण्यात करता येत नाही.

माप : टायरवरचे आकडे आणि कणकेचा गोळा

माझ्या सांगण्याकडे दुर्लक्ष करून पुतण्याने एर्टिगासाठी एक जोडी मागवलीच. विक्रेत्याच्या पानावर गाडीचे नाव निवडले की साखळीचे माप आपोआप ठरत होते, त्यामुळे चुकण्यासारखे काही नाही असे त्याला वाटले. रविवारी सकाळी आम्ही ती साखळी स्टिल्टखालच्या पार्किंगमध्ये चाकावर चढवली. आतली तार जुळली, बाहेरचा आकडा, म्हणजे अडकवायचा हूक, मात्र दुव्यापर्यंत पोहोचेना. दोन बोटांचे अंतर राहत होते आणि कितीही ओढले तरी ते तसेच राहिले.

कारण टायरच्या कडेवर लिहिलेले होते. गाडी आली तेव्हा तिचे टायर १८५/६५ आर १५ मापाचे होते, पण दोन वर्षांपूर्वी टायर बदलताना दुकानदाराच्या सल्ल्याने पुतण्याने १९५/६५ आर १५ घेतले होते. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची आहे ते सांगतो आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला तर मूळ टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर आणि नव्याचा ६३४.५ मिलिमीटर येतो. व्यासातला १३ मिलिमीटरचा फरक परिघात चार सेंटिमीटरचा होतो, म्हणजे तीच आमची दोन बोटे. ती जोडी परत गेली. साखळी गाडीच्या नावाने नव्हे, टायरवरच्या आकड्यांनीच घ्यावी लागते आणि ते आकडे चारही चाकांवर उकिडवे बसून वाचावे लागतात, कारण एखादा टायर कधी वेगळा बसवला गेला असेल हे मालकालाही आठवत नाही.

रुंद टायरने आणखी एक अडचण उभी केली होती. साखळी टायरच्या आतल्या बाजूनेही जाते आणि तिथे शॉकअब्सॉर्बर, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) तार असते. चाक फिरताना साखळी यांपैकी कशालाही लागली तर पकड मिळण्याऐवजी ब्रेक जाण्याची वेळ येते. अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या 'एस' वर्गाच्या मापदंडानुसार टायरच्या आतल्या कडेला किमान १५ मिलिमीटर आणि माथ्यावर किमान ३७ मिलिमीटर मोकळी जागा असलेल्या गाड्यांसाठी त्या वर्गाची साधने असतात. आमच्याकडे ही जागा मोजायची कशी? तिथे बोट जाते, पण पट्टी जात नाही. तेव्हा आमच्या वहिनींनी चपात्यांसाठी मळलेल्या कणकेतले चार घट्ट गोळे आणून दिले. गोळा प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून टायरची आतली कड आणि शॉकअब्सॉर्बर यांच्यामध्ये बसवला, स्टेअरिंग आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवले आणि चपटा झालेला गोळा अलगद काढून त्याची सर्वांत पातळ जागा पट्टीने मोजली. ती डावीकडे १७ आणि उजवीकडे १६ मिलिमीटर भरली. मूळ १८५ चे टायर असते तर सुमारे ५ मिलिमीटर जागा अधिक मिळाली असती.

बाजारात मोटारींसाठी आतल्या बाजूस ९, १२ आणि १६ मिलिमीटर जागा घेणाऱ्या साखळ्या असतात. एर्टिगासाठी ९ मिलिमीटरची साखळी ठरली, कारण १२ मिलिमीटरची बसली असती तरी खड्ड्यात चाक उचलले गेल्यावर उरणारी चार मिलिमीटरची जागा मला पुरेशी वाटली नाही. इनोव्हाच्या मागच्या चाकांना ती अडचण नव्हती. ती चाके वळत नाहीत, मागे अखंड आस आहे आणि जागा भरपूर आहे, म्हणून तिथे २०५/६५ आर १६ या मापाची, १२ मिलिमीटरची, जाड दुव्यांची साखळी घेतली. दोन्ही साखळ्या चौकटीच्या जाळीच्या नक्षीच्या निवडल्या. शिडीसारख्या नक्षीत दोन आडव्या पट्ट्यांच्या मध्ये टायर उघडा राहतो आणि गाडी धक्के खात चालते, शिवाय बाजूला घसरण्याला ती फारसा विरोध करत नाही. जाळीच्या नक्षीत रस्त्याला टेकलेल्या भागावर कायम कुठला तरी दुवा असतो.

साखळी कोणत्या चाकांना लावायची, हा प्रश्न अनेकांना किरकोळ वाटतो. तो किरकोळ नाही. इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांना साखळी लावली तरच गाडी चढते. एर्टिगाची ओढ पुढच्या चाकांना आहे, इनोव्हा क्रिस्टाची मागच्या. पुन्हा सगळ्या इनोव्हा सारख्या नाहीत, हायक्रॉसची ओढ पुढे आहे. त्यामुळे "इनोव्हाला मागे लावतात" हे ऐकीव वाक्यही पुरत नाही. आपल्या गाडीचे माहितीपुस्तक उघडून पाहावे.

साखळ्यांआधी मी एक खर्च मात्र सक्तीने करायला लावला. इनोव्हाच्या टायरच्या खाचा गेजने मोजल्या तर त्या अडीच मिलिमीटर उरल्या होत्या. आपल्या कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, म्हणजे गाडी नियमात बसत होती. परंतु ऑस्ट्रियासारख्या हिमाळ देशात हिवाळी टायरच्या खाचा ४ मिलिमीटरांखाली गेल्या की तो हिवाळी टायर धरला जात नाही. मेहुण्यांनी चारही टायर बदलले. साखळ्यांपेक्षा हा खर्च कितीतरी मोठा होता, तरीही संपूर्ण प्रवासात सर्वांत अधिक उपयोगी पडला तो हाच, असे माझे मत आहे.

स्टिल्टखालचा सराव

साखळ्या आल्यानंतरचे तीन रविवार आम्ही सरावाला दिले. पहिल्या दिवशी एका चाकाला २२ मिनिटे लागली आणि साखळी उलटी लागली, म्हणजे आकड्यांची टोके टायरकडे आली. टोके नेहमी बाहेर हवीत, नाहीतर ती टायरची कड चिरतात. दुसऱ्या रविवारी वेळ ११ मिनिटांवर आली. तिसऱ्या रविवारी मी संध्याकाळी दिवे बंद करायला सांगितले, मासळी बाजारातून आणलेल्या लादीचे तुकडे बादलीभर पाण्यात टाकले आणि साखळी लावणाऱ्याने आधी दोन मिनिटे हात त्यात बुडवून ठेवायचे अशी अट घातली. बोटे बधिर झाल्यावर आकडा दुव्यात अडकवणे किती अवघड होते, ते तिथेच सर्वांना कळले. त्या दिवशी सर्वांत कमी वेळ, सात मिनिटे, पुतण्याच्या बायकोचा लागला. तिने आकड्याला लाल रंगाची लोकर बांधली होती, त्यामुळे कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात तो लगेच दिसत होता. मग सगळ्याच आकड्यांना लोकर बांधली गेली.

साखळी लावून साधारण पन्नास ते शंभर मीटर गेल्यावर थांबून ती पुन्हा ताणावी लागते, कारण दुवे टायरवर बसल्यावर ढिले पडतात. हा भाग आम्ही सोसायटीच्या आवारात माणसाच्या चालीने गाडी चालवून पाहिला. कोरड्या फरशीवर जास्त चालवू नये, म्हणून तेवढ्यावरच थांबलो. ढिले राहिलेले टोक बांधायला केबल टाय, गुडघ्याखाली घ्यायला जुनी प्लॅस्टिकची चटई, रबरी लेपाचे हातमोजे आणि एक आखूड फावडे, एवढे सामान प्रत्येक गाडीत सर्वांत वर ठेवले. साखळी बॅगांच्या तळाशी असेल तर ती नसल्यासारखीच आहे.

हवेच्या दाबाबद्दल मात्र मला दोघांचा एक समज काढावा लागला. थंडीत हवा कमी होते म्हणून ती दोन-चार अंकांनी जास्त भरावी असे मेहुण्यांना वाटत होते, तर हिमावर टायर पसरावा म्हणून हवा काढावी असे पुतण्याने कुठेतरी ऐकले होते. ठाण्यात सकाळी २७ अंश तापमानात ३३ पीएसआय भरले आणि गाडी उणे ५ अंशांत नेली, तर नुसत्या थंडीने दाब सुमारे ५ पीएसआय घटतो. परंतु तीन हजार मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाबही तितक्याच प्रमाणात कमी झालेला असतो आणि आपला गेज आतल्या व बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. मनालीत पहाटे शून्य अंशाला मोजले तेव्हा गेजने ३२ दाखवले. हवा काढली तर साखळी ढिली होते, हे वेगळेच.

प्रत्यक्ष रस्त्यावर

मीही त्यांच्यासोबत इनोव्हात होतो. मनालीत पोहोचलो त्या रात्री हिम पडले आणि सकाळी नेहरू कुंडाजवळ पोलिसांनी गाड्या थांबवल्या. साखळ्या दाखवल्यावर त्या लावूनच पुढे जा, असे सांगण्यात आले. आम्ही रस्त्याच्या सपाट कडेला गाड्या घेतल्या, हँडब्रेक लावला, चाकांमागे दगड ठेवले. एक स्थानिक तरुण मदतीला आला आणि सवयीने साखळी घेऊन इनोव्हाच्या पुढच्या चाकाशी बसला, कारण त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या पुढून ओढणाऱ्या असतात. मेहुण्यांनी त्याला नम्रपणे मागे बोलावले. दोन्ही गाड्या मिळून १९ मिनिटांत काम झाले. शेजारच्या गाडीतले चौघे तेव्हाही साखळीचा गुंता सोडवत होते. आमची माणसे त्यांच्याही मदतीला गेली.

सोलंगपर्यंतचा चढ दोन्ही गाड्या दुसऱ्या गियरमध्ये, ताशी वीसच्या आत, एकदाही चाक जागच्या जागी न फिरता चढल्या. उत्पादकाने साखळीसाठी ताशी ५० ची मर्यादा दिली होती. आम्ही ३० ची ठरवली होती आणि तीही गाठली नाही. नियमाप्रमाणे सोलंगहून पुढे गेलो नाही. मुलांचा हिरमोड झाला.

उतरताना साडेतीन वाजले होते आणि ऊन डोंगरामागे गेले होते. पलचानच्या वरच्या एका वळणावर, जिथे दुपारी वितळलेले पाणी पुन्हा गोठत होते, पुढे चाललेल्या एर्टिगात पुतण्याने अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून ब्रेकला अगदी हलका स्पर्श केला. पुढची चाके साखळ्यांमुळे जिथल्या तिथे धरली गेली आणि मागची बाजू शांतपणे, काही आवाज न करता, बाहेरच्या कडेकडे सरकू लागली. आम्ही पन्नास मीटर मागून ते पाहत होतो. गाडी दीड-दोन फूट तिरकी झाली आणि मागचा बंपर रस्त्याकडेच्या हिमाच्या ढिगात रुतून थांबला. कोणाला काही झाले नाही, बंपरला ओरखडाही नव्हता. पण ढीग नसता तर पुढे काय होते, ते आम्ही सर्वांनी उतरून पाहिले. इनोव्हात याच्या उलट अनुभव आला. आणखी खाली एका वळणावर मागची चाके घट्ट होती, पण वळणाऱ्या पुढच्या चाकांना साखळी नसल्यामुळे स्टेअरिंग फिरवूनही गाडी क्षणभर सरळच जात राहिली. मेहुण्यांनी वेग पायी चालण्याइतका ठेवला होता, म्हणून ती सावरली.

दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ होते. सीमा सडक संघटनेच्या यंत्रांनी रस्ता काळा करून ठेवला होता, त्यामुळे साखळ्या डिकीत ठेवूनच आम्ही बोगदा ओलांडून लाहौलमधल्या सिस्सू गावाला गेलो. उत्तरेकडच्या तोंडातून बाहेर पडताच चंद्रा नदीवरचा पूल लागतो. पुलाला खालूनही थंड वारा लागत असल्याने तो रस्त्याआधी गोठतो, म्हणून तिथे दोन्ही गाड्या मी पहिल्या गियरमध्ये, ब्रेकला पाय न लावता न्यायला सांगितल्या. दुपारी दोनच्या आत आम्ही परत दक्षिण बाजूला होतो.

सल्ल्यातील उणीव

एर्टिगाचे ते घसरणे हा चालकाचा दोष नव्हता. मी दोन्ही गाड्यांना प्रत्येकी एकच जोडी पुरेशी म्हटले होते, कारण चढायला दोन चाकांच्या साखळ्या पुरतात आणि खर्च निम्म्यावर येतो. बहुतेक ठिकाणी हाच सल्ला दिला जातो. मी विचार केला होता चढाचा. उतारावर आणि वळणावर मात्र गाडीच्या चारही चाकांना आपापला भाग उचलावा लागतो, आणि दोन चाकांची पकड वाढवून उरलेल्या दोन चाकांना तसेच सोडले की गाडीचा तोल आपणच बिघडवलेला असतो. पुढे साखळ्या असतील तर शेपूट सुटते, मागे असतील तर नाक वळत नाही. हे मला सिद्धांत म्हणून ठाऊक होते, पण पाच आठवड्यांच्या तयारीत मी ते एकदाही बोललो नाही. एका जोडीवरच जायचे असेल तर उतरणीची वेळ उन्हातली असावी आणि दोन साखळ्यांनी गाडी सहज चढली म्हणून ती तितक्याच सहज उतरेल असे धरू नये, एवढे तरी मी सांगायला हवे होते.

ठाण्यात परतल्यावर साखळ्या गोड्या पाण्याने धुतल्या, दोन दिवस गॅलरीत वाळवल्या, तेलाचा हात फिरवून पिशवीत भरल्या. एर्टिगाच्या साखळीचे दोन दुवे घासून चपटे झाले होते, ते बदलले. पुढच्या जानेवारीत किन्नौरला जायचा बेत आहे. गेल्या रविवारी वहिनींनी पुन्हा कणीक मळून दिली आणि आम्ही एर्टिगाच्या मागच्या चाकांचे माप घेतले. तिथे गोळा दोन्ही बाजूंना २३ मिलिमीटर भरला. दुसरी जोडीही ९ मिलिमीटरचीच, १९५/६५ आर १५ हे आकडे टायरवरून पुन्हा वाचून, पुतण्याने त्याच संध्याकाळी मागवली. इनोव्हाच्या पुढच्या चाकांचे माप अजून घ्यायचे आहे.